शेखिना समजून घ्यायची तर सुरुवात कुठून करायची

कब्बालाबद्दल, म्हणजे ज्यू धर्मातल्या गूढ परंपरेबद्दल, काही शोधायला गेलं की सगळ्यात आधी समोर येतो तो दहा गोल आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचा डायग्राम. मग त्यातला सगळ्यात खालचा गोल दाखवून सांगतात की ही मल्खूत, हीच शेखिना, ईश्वराची स्त्रीरूपातली उपस्थिती, आता पाठ करा आणि पुढे चला. माझं स्पष्ट मत आहे की नवीन माणसाने इथून सुरुवात करू नये. डायग्राम चुकीचा नाहीये, पण त्यावरून शेखिना म्हणजे एका तक्त्यातला कप्पा आहे असं वाटायला लागतं, आणि ज्या लोकांनी तिला शेकडो वर्षं मनात जपलं त्यांच्यासाठी ती तशी कधीच नव्हती, त्यांच्यासाठी ती घर सुटलेल्या माणसांबरोबर स्वतःही घर सोडून निघालेली होती. हे एकदा आत उतरलं की डायग्राम आपोआप कळतो, उलट्या बाजूने गेलं तर मात्र नुसती नावं जमा होतात. म्हणून मी ज्या क्रमाने सांगतेय त्याच क्रमाने जा, घाई करू नका.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी बाजूला ठेवा

पहिली म्हणजे शिव-शक्तीची तुलना. मराठी वाचक हे ऐकलं की लगेच म्हणतो अरे म्हणजे ही त्यांची देवीच की. साम्य आहे, नाही असं नाही, झोहारमध्ये, म्हणजे कब्बालाच्या मुख्य ग्रंथात, राजा आणि मात्रोनिता म्हणजे राणी यांच्या मीलनावर पानंच्या पानं आहेत. पण आपल्याकडे शक्ती नसेल तर शिव म्हणजे शव असं म्हणतात, ताकद तिचीच. झोहार मात्र तिच्याबद्दल सांगतो की तिचं स्वतःचं असं काहीच नाही, चंद्रासारखी ती वरून आलेला प्रकाश घेते आणि खाली देते. आणि त्याच झोहारमध्ये असंही आहे की मात्रोनितेशिवायचा राजा हा राजाच नव्हे. ही दोन्ही वाक्यं एकत्र धरून ठेवायची असतात, एक सोडून दुसरं धरलं की गडबड होते. शिवाय तिचं वेगळं देऊळ नाही, मूर्ती नाही, तिची एकटीची पूजाही नाही. उलट कब्बाला मानणाऱ्यांच्या दृष्टीने तिला बाकीच्या ईश्वरापासून तोडून एकटीला धरणं हेच सगळ्यात मोठं पाप, त्याला ते "रोपं छाटणं" म्हणतात, आणि काही जण तर आदामाचं पापसुद्धा हेच होतं असं सांगतात. त्यामुळे ज्यू देवी हा शब्द निदान सुरुवातीला तरी वापरू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे वयाची भीती. चाळिशीच्या आत कब्बाला वाचू नये असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. अशी बंधनं खरंच घातली गेली होती, १७ व्या शतकात शब्ताई त्स्वी नावाच्या खोट्या मसीहामुळे, म्हणजे आपणच तारणहार असं सांगणाऱ्या माणसामुळे, जो गोंधळ झाला त्यानंतर ती जास्त कडक झाली. पण ज्याच्या शिकवणीने अख्खी कब्बाला बदलली तो इसहाक लुरिया, ज्याला आरी म्हणतात, तो १५७२ साली वारला तेव्हा ३८ वर्षांचाच होता. तुम्ही साधना करायला निघालेले नाही आहात, समजून घ्यायला निघालात, तेव्हा निर्धास्त वाचा.

पायरी १: शुक्रवार संध्याकाळचं गाणं

लेखा दोदी नावाचं गाणं शोधा. जगभरातल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळांत, शुक्रवारी सूर्य मावळताना शब्बाथचं, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचं, स्वागत म्हणून हे गातात, यूट्यूबवर शेकडो चाली सापडतील, कुठलीही दोन-तीन ऐका, मग शब्द घेऊन बसा. १६ व्या शतकात गालीलमधल्या, म्हणजे आजच्या उत्तर इस्राएलमधल्या, त्सफात गावात श्लोमो अल्काबेत्झने हे लिहिलं, पहिल्या आठ कडव्यांची पहिली अक्षरं जोडली की त्याचं नाव श्लोमो हालेवी असं तयार होतं. धृवपदाचा अर्थ साधारण असा की चल माझ्या सख्या, वधूला भेटायला, शब्बाथचं स्वागत करू. इथपर्यंत सोपं आहे.

गंमत पुढे आहे आणि इथे थांबून विचार करायचा. गाणं वधूचं, लग्नाचं, आणि मधली कडवी अचानक एका पडलेल्या शहराशी बोलायला लागतात. राजाच्या शहरा ऊठ, त्या उलथापालथीतून बाहेर ये, अश्रूंच्या दरीत खूप दिवस बसलीस, धूळ झटक, चांगले कपडे घाल. वधूचं स्वागत करताना मध्येच उद्ध्वस्त जेरुसलेम कुठून आलं? उत्तर म्हणजेच शेखिना. कब्बालामध्ये शब्बाथची वधू, जेरुसलेम नगरी, इस्राएलचा अख्खा समाज, मुलांसाठी रडणारी बायबलमधली आई राहेल आणि शेखिना ही एकमेकींत मिसळलेली रूपं आहेत, कवी एकीशी बोलता बोलता दुसरीशी बोलायला लागतो आणि त्याला त्यात काहीच वेगळं वाटत नाही. हे पाच धागे एका कागदावर लिहून ठेवा आणि गाणं परत वाचा, प्रत्येक ओळीत नेमकी कोण आहे ते ओळखायचा प्रयत्न करा, बऱ्याच ठिकाणी दोघी-तिघी एकदमच सापडतील. माझ्या मते या एका गाण्यावर घालवलेला वेळ कुठल्याही प्रस्तावनेपेक्षा जास्त कामाला येतो.

ही कल्पना काही त्सफातवाल्यांनी हवेतून आणली नव्हती. तालमूदमध्येच, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) चर्चांच्या जुन्या संग्रहातच, आहे की रब्बी हनीना शुक्रवारी संध्याकाळी चांगले कपडे घालून म्हणायचे चला, शब्बाथ राणीला भेटायला जाऊ, आणि रब्बी यन्नाई म्हणायचे ये वधू, ये वधू. त्सफातच्या लोकांनी ते शब्दशः घेतलं, ते खरोखरच गावाबाहेर शेतात जायला लागले. शेवटच्या कडव्याला आजही सगळे दाराकडे वळून वाकतात, ती आत येतेय म्हणून.

जमलं तर हे प्रत्यक्ष बघा. मुंबईत काळा घोड्याजवळ १८८४ ची केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आहे, भायखळ्याला मागेन डेविड, पुण्यात ओहेल डेविड, म्हणजे ज्याला सगळे लाल देऊळ म्हणतात ते, आणि अलिबागला बेने इस्राएल समाजाची मागेन अबोथ. पण आधी विचारून परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नका, सुरक्षेमुळे बाहेरच्यांना सहज सोडत नाहीत, ओळखपत्र बरोबर ठेवा. पुरुषांनी डोकं झाकायचं, कपडे साधे अंगभर. शब्बाथ सुरू झाल्यावर फोन बाहेर काढायचा नाही, फोटो नाही, वहीत लिहायचंसुद्धा नाही, त्यामुळे गाण्याचे शब्द घरूनच वाचून जा.

पायरी २: तालमूदमधली पाच वाक्यं

आता थोडं मागे जायचं, कब्बालाच्या हजारेक वर्षं आधी. शेखिना हा शब्द हिब्रू बायबलमध्ये नाम म्हणून येत नाही. तिथे क्रियापद आहे, निर्गमच्या २५ व्या अध्यायात देव सांगतो की माझ्यासाठी पवित्रस्थान बांधा म्हणजे मी त्यांच्यामध्ये राहीन. रब्बींनी त्या राहण्याला शेखिना म्हटलं. व्याकरणात शब्द स्त्रीलिंगी आहे पण रब्बींच्या काळात ती कोणी स्त्री नव्हती, देव जवळ आहे हे सांगायची ती एक पद्धत होती. हा फरक लक्षात ठेवा कारण ऑनलाइन बऱ्याच ठिकाणी दोन्ही काळ एकत्र करून टाकतात.

ही वाक्यं वहीत उतरवून घ्या. दोन माणसं बसून तोराबद्दल, म्हणजे धर्मशास्त्राबद्दल, बोलतात तेव्हा शेखिना त्यांच्यामध्ये असते. आजारी माणसाच्या उशाशी शेखिना असते. नवरा-बायको नीट वागले तर त्यांच्यामध्ये शेखिना असते. उदास असताना शेखिना येत नाही, सत्कर्माच्या आनंदातून येते. आणि पाचवं म्हणजे रब्बी शिमोन बार योहाईंचं, इस्राएलचे लोक जिथे जिथे हद्दपार झाले तिथे तिथे शेखिना त्यांच्याबरोबर गेली, इजिप्तला गेले तर इजिप्तला, बाबिलला गेले तर बाबिलला.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट रव योसेफची आहे. त्याला आईच्या पावलांचा आवाज आला की तो म्हणायचा, शेखिना येतेय, मला उभं राहू दे. रव योसेफ आंधळा होता असं तालमूदमध्ये इतर ठिकाणी येतं, म्हणजे तो आवाजावरूनच उठत होता. शेखिना म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी आधी ही गोष्ट सांगते.

एक लक्षात असू द्या, सगळ्या ज्यू विचारवंतांना हे असं मान्य नव्हतं. १० व्या शतकातले सादिया गाओन म्हणत की शेखिना म्हणजे देवाने निर्माण केलेला प्रकाश आहे, देव स्वतः नाही, कारण देवाला भाग पडले तर एकच देव हे तत्त्वच जातं. हा वाद पुढेही मिटला नाही.

पायरी ३: हद्दपारी

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथे वेळ द्या.

सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. आता प्रश्न असा की जी तिथे राहत होती ती कुठे गेली. रब्बींनी सांगितलं की ती एकदम निघून गेली नाही, दहा टप्प्यांनी गेली, एकेक पाऊल मागे घेत, लोक बदलतील म्हणून वाट बघत. बायबलमधल्या विलापगीतावरच्या मिद्राशमध्ये, म्हणजे रब्बींच्या भाष्यात, तर असं आहे की निघताना ती परत आत वळली, मंदिराच्या भिंतींना आणि खांबांना मिठी मारून त्यांचे मुके घेतले, रडली आणि निरोप घेतला. दुसऱ्या एका मिद्राशमध्ये आहे की पश्चिम भिंतीपासून ती कधी हललीच नाही. दोन्ही गोष्टी परंपरेने ठेवल्या, कुठलीच काढली नाही, तुम्हीही एकीला खरी ठरवायला जाऊ नका.

मग १४९२ येतं. स्पेनमधून ज्यूंना हाकललं, त्यातले अनेक जण फिरत फिरत ऑटोमन राज्यात आले आणि काही त्सफातला. योसेफ कारो, मोशे कोर्दोवेरो, अल्काबेत्झ, मग आरी, सगळे एका डोंगरावरच्या छोट्या गावात. घर सुटणं त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. कोर्दोवेरो आणि अल्काबेत्झ मुद्दाम शेतांमधून, समाध्यांपाशी भटकायला जायचे, शेखिना भटकतेय तर आपणही तिच्याबरोबर भटकू म्हणून, आणि चालताना ज्या गोष्टी सुचल्या त्या लिहून ठेवायचे. मध्यरात्री उठून करायचा तिक्कुन हात्सोत नावाचा विधी तिथे रुजला, पहिला भाग राहेलच्या नावाचा, दाराशी जमिनीवर बसून स्तोत्र १३७ म्हणायचं, बाबिलच्या नद्यांकाठी बसून आम्ही रडलो ते, आणि दुसरा तिची बहीण लेआ हिच्या नावाचा, त्यात आशा.

त्या गावात अव्राहाम बेरुखिम नावाचे एक रब्बी होते, ते रात्री गल्लीगल्लीतून हाका मारत फिरायचे, उठा, शेखिना हद्दपारीत आहे. त्यांच्याबद्दल सांगतात की आरींनी त्यांना सांगितलं, तुमचा मृत्यू जवळ आलाय, पण जेरुसलेमला जा, उपास करा, पश्चिम भिंतीशी प्रार्थना करा, शेखिना दिसली तर अजून २२ वर्षं जगाल. ते गेले, आणि भिंतीवर त्यांना काळे कपडे घातलेली एक स्त्री दिसली. ते तोंडावर पडून आक्रोश करायला लागले, आणि त्या अवस्थेत त्यांना दिसलं की ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन डोळे पुसतेय आणि बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या ३१ व्या अध्यायातले शब्द म्हणतेय, आशा आहे, मुलं आपल्या सीमेत परत येतील. बायबलमध्ये हे शब्द देव राहेलला म्हणतो, राहेल रडतेय आणि देव समजावतोय. इथे राहेलच, म्हणजे शेखिनाच, रडणाऱ्या माणसाला समजावतेय. यिर्मयाचा तो अध्याय आणि ही गोष्ट शेजारीशेजारी ठेवून वाचा, हा माझा खास आग्रह आहे.

पायरी ४: आता डायग्राम

दहा सेफिरोत म्हणजे ज्याला जाणताच येत नाही त्या अनंत ईश्वरातून प्रकट होणारी दहा रूपं. सगळी पाठ करू नका, सुरुवातीला चार पुरेत. बीना, वरची आई, तिच्यातून खालची सात निघतात. तिफेरेत, मधला राजा, सूर्य. येसोद, जिथून प्रवाह खाली जातो. आणि मल्खूत, दहावी, राणी, चंद्र, समुद्र, बाग, गुलाब, दावीद राजासुद्धा, हीच शेखिना. काही ग्रंथांत बीनालाही वरची शेखिना म्हणतात, त्यामुळे मजकुरात शेखिना आली की वरची का खालची हे आधी बघायची सवय लावा.

चंद्र का, हे कळायला तालमूदच्या हुल्लीन भागातली गोष्ट वाचा. सूर्य-चंद्र आधी सारखेच मोठे होते, चंद्राने विचारलं की एकच मुकुट दोन राजे कसे वापरतील, देव म्हणाला मग तू लहान हो. चंद्राने म्हटलं, मी बरोबर बोललो म्हणून मीच लहान व्हायचं? देवाने बरीच समजूत घातली, ती काही पटेना, शेवटी देव म्हणाला की चंद्राला लहान केलं म्हणून माझ्यासाठी प्रायश्चित्ताचा बळी द्या. देव स्वतःसाठी प्रायश्चित्त मागतोय! कब्बालामध्ये हा चंद्र म्हणजे शेखिना झाली, आणि ती परत पूर्ण होणं म्हणजे जग दुरुस्त होणं.

आणि ही दुरुस्ती माणसाच्या हातात आहे, हे या शिकवणीतलं सगळ्यात धाडसी विधान. म्हणून सत्कर्माआधी लेशेम यिखूद नावाचं छोटं वाक्य म्हणायची पद्धत पडली, की हे मी पवित्र प्रभू आणि त्याची शेखिना यांच्या ऐक्यासाठी करतोय. गरिबाला एक नाणं दिलं तरी त्याचा परिणाम वर होतो अशी ती श्रद्धा. १८ व्या शतकात प्रागच्या रब्बी येहेझकेल लांडाऊंनी या वाक्याला जोरदार विरोध केला, आजही काही जण म्हणतात, काही म्हणत नाहीत.

पायरी ५: झोहार, थोडा थोडा

झोहार १३ व्या शतकाच्या शेवटी स्पेनमधल्या कॅस्टीलमध्ये बाहेर आला, भाषा अरामी. परंपरा मानते की तो २ ऱ्या शतकातल्या रब्बी शिमोन बार योहाईंचा, संशोधक बहुतेक करून मोशे दे लेओन आणि त्याच्या आसपासच्या मंडळींकडे बोट दाखवतात. सेफारिया नावाच्या साइटवर मूळ मजकूर फ्री आहे, तालमूद इंग्रजी भाषांतरासकट आहे. पहिल्या पानावरचा काट्यांमधल्या गुलाबाचा परिच्छेद घ्या, तेवढाच, आणि प्रत्येक रंग, पाकळी कशासाठी आली ते टिपणांमधून बघा. दिवसाला एक परिच्छेद खूप झाला. झोहार सरळ वाचत सुटायचं पुस्तक नाहीये, एका वचनावर पाच जण चालता चालता बोलतात आणि प्रत्येक जण वेगळं दार उघडतो.

वाचताना एका गोष्टीने दचकायला होईल म्हणून आधीच सांगते. शेखिना फक्त मायाळू आई नाही. झोहारमध्ये ती कठोरही होते, न्यायाच्या बाजूने भरली की तिच्या हाताखाली सैन्यं असतात, शिक्षा तिच्याकडून येते. ज्यांना फक्त हळुवार मातृरूप हवंय ते हा भाग गाळून लिहितात, माझ्या मते त्याने तिचं अर्धं चित्र जातं.

आणखी एक, मध्ययुगातल्या कब्बालाचे जे लेखक आपल्याला माहीत आहेत ते सगळे पुरुष आहेत. हे स्त्रीरूप पुरुषांनी कल्पिलेलं आहे, घेणारी, वाट बघणारी, नवऱ्यामुळे पूर्ण होणारी. गेल्या पन्नासेक वर्षांत अनेक ज्यू स्त्रियांनी शेखिनाच्या नावाने नव्या प्रार्थना लिहिल्या, आशीर्वादाचे शब्द स्त्रीलिंगी केले, आणि काही जणींनी सरळ म्हटलं की या जुन्या रूपात आम्हाला आमची जागा दिसत नाही. दोन्ही बाजू वाचा, मला दोन्हींत तथ्य वाटतं. लाल दोरे, ताईत आणि सात दिवसांत शेखिना जागृत करा असले कोर्स विकणाऱ्यांना मात्र एक रुपयाही देऊ नका.

सगळ्यात शेवटी: इद्रा झुटा

झोहारमधला हा भाग, रब्बी शिमोन मरायच्या दिवशी शिष्यांना शेवटची गुपितं सांगतात, बोलणं राजा आणि मात्रोनितेच्या मीलनापर्यंत येतं आणि जीवन हा शब्द उच्चारताना ते जातात. हे आपल्या इतकं जवळ आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं, १८८० च्या दशकात पुण्यात अब्राहाम डेविड इझिकिएल या बगदादी ज्यू गृहस्थांनी स्वतःच्या छापखान्यातून इद्रा झुटाचं ज्यू-अरबी भाषांतर छापलं. ते थिऑसॉफिकल सोसायटीशीही जोडलेले होते. सामान्य माणसाच्या हातात हा मजकूर त्याच्या बोलीत द्यायचा का यावरून बगदादच्या रब्बींनी कडाडून विरोध केला आणि मोठा वाद झाला. विरोध का झाला ते इद्रा वाचताना तुम्हाला कळेल, कारण त्यात ईश्वराचा चेहरा, दाढी, शरीर, मीलन अशा भाषेत सगळं आहे आणि तयारी नसलेला वाचक ते शब्दशः घेऊ शकतो. म्हणून आधीच्या पाचही पायऱ्या झाल्याशिवाय याला हात लावू नका, आणि वाचाल तेव्हा पहिल्या पायरीला केलेला तो पाच धाग्यांचा कागद शेजारी ठेवा.